सत्तूर आमच्या घरी

आमच्या आणि शेजारच्या चिनी कुटुंबाच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत होती. अमेरिकेतल्या ईडन प्रेरीतलं ते अपार्टमेंट बाहेरून झकास, तळं काय, बदकं काय, भिंती मात्र पुठ्ठ्याच्या. तिकडे सत्तूर चालायला लागला की माझ्या मांडणीवरच्या वाट्या थरथरायच्या. सुरुवातीला मला त्या आवाजाचा वैताग यायचा. पुढे त्याच आवाजाला मी कान लावून बसायला लागले, आणि तो थांबला की माझ्या काळजात धस्स व्हायचं. हे कसं झालं ते मीच सांगते, कारण माझा नवरा सांगतो तेव्हा त्यात मी फार शूर असते. मी मुळीच शूर नव्हते. माझी तर पाचावर धारण बसली होती.

दोन हजार पाच-सहाचा तो हिवाळा. नवरा सकाळीच कंपनीत जायचा, मी व्हिसामुळे घरी, आणि आमची पोट्टी, म्हणजे मुलगी, अडीच वर्षांची. मी नागपूरची, नवरा पुण्याचा. 'पोट्टी' म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडते, म्हणून मी मुद्दाम म्हणते. शेजारीण माझ्याच वयाची, बाळंतपणाआधी प्रोग्रामर होती. तिचा नवराही त्याच कामात. बर्फ पडायच्या सुमारास तिला मुलगा झाला आणि चीनहून तिची आई आली, सहा महिने राहायला, आपल्याकडच्या आया येतात अगदी तशी. आमची पोट्टी तिला आजी म्हणायला लागली, मग आम्हीही.

आजीला इंग्रजी येत नव्हतं, आणि मला चिनीचं अक्षर येत नव्हतं. पहिल्यांदा ती आमच्या दारात आली ती मीठ मागायला, पण मिठाआधी तिला आमच्या शोकेसमधली बुद्धमूर्ती दिसली. चपला बाहेर काढून ती सरळ आत आली, मूर्तीला हात जोडले, आणि शेजारच्या निळ्या कोटातल्या बाबांच्या फोटोकडे बोट करून खुणेनं विचारलं, हे तुझे वडील का? मी होकारार्थी मान हलवली. त्यात खोटं काय होतं. त्या दिवसापासून आजीच्या लेखी आमचं घर तिच्या विश्वासातलं झालं.

लेकीचं बाळंतपण तिनं असं काही केलं की मला नागपूरच आठवलं. डोकं धुवायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, खिडकीची फट उघडायची नाही. आलं घातलेलं कोंबडीचं पाणी, लाल खारका, तिळाचं तेल. मीही माझ्या वेळी कानाला फडकं बांधून, शेक घेत, डिंकाचे लाडू खात पडले होतेच. मला वाटलं, चला, इथे तरी कुणीतरी आपल्यासारखं आहे.

पण महिना झाला, दोन झाले, बाळ बाळसं धरायला लागलं आणि शेजारीण काही उठेना. मी गेले की ती पलंगावर टेकून बसलेली असायची, बाळ शेजारी आणि नजर खिडकीच्या पडद्यावर. झोप येत नाही म्हणायची. डोकं दुखतं, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, हाताला मुंग्या येतात. डॉक्टरांकडे जाऊन आली, रक्त तपासून झालं, छातीचा आलेख झाला, सगळं नॉर्मल. नॉर्मल ऐकून तिचं तोंड आणखीच उतरलं.

"आमच्याकडे याला नसा अशक्त होणं म्हणतात," ती मला एकदा इंग्रजीत म्हणाली. "माझ्या वडिलांना व्हायचं. कारखान्याचा डॉक्टर तसं लिहून द्यायचा आणि रजा मिळायची. त्याला कुणी हसत नाही. नसा कुणाच्याही अशक्त होतात."

"आणि नसांच्या ऐवजी मनाचं असलं तर?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलतंच काही बोलले. "मग मुलाच्या लग्नापर्यंत लोक विचारत राहतात," ती म्हणाली.

रविवारी तिच्या वडिलांचा चीनहून फोन यायचा. एकदा मी तिथेच होते. फोन वाजल्यावर ती उठली, केस सारखे केले, ओठांना लाली लावली. फोनवर दिसणार कुणाला होती? पण लावली. मग खळखळून हसत वीसेक मिनिटं बोलली. आजीही मागून ओरडून हसली. फोन ठेवला आणि दोघींचे चेहरे पुन्हा होते तसे झाले. शेजारीण म्हणाली, लांब राहणाऱ्यांनी घरी गोडच कळवायचं असतं, कडू आपल्यापाशी ठेवायचं. मीही दर शनिवारी आईला "इकडे सगळं मजेत" सांगत होते, आणि त्या हिवाळ्यात मी न्हाणीघरात नळ सोडून कितीदा रडले ते नवऱ्यालाही माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, दोन्ही देशांत.

मला भीती वाटायला आणखी एक कारण होतं. लहानपणी आमच्या वस्तीत एक काकू होत्या, दोन घरं सोडून. बाळंतपणानंतर त्यांचं बोलणं थांबलं. कुणी म्हणालं बाहेरचं झालं, कुणी म्हणालं सोंग करते. वेड्यांच्या दवाखान्याचं नाव काढलं तर सासूनं पदर डोळ्याला लावला, घराण्याला बट्टा लागेल म्हणाली. एका दुपारी काकूंच्या घरासमोर माणसं जमली आणि आम्हा पोरांना घरात कोंडलं. नंतर त्यांच्याबद्दल कुणी बोललं नाही. माझ्या आईनं मात्र त्यावरून एकच धडा घेतला: बाळंतिणीच्या उशाशी लोखंड हवं.

आमच्या घरात अंधश्रद्धेला थारा नाही. वडिलांना बाबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, आणि आईलाही. पण माझ्या बाळंतपणात आईनं माझ्या उशाखाली लाकडी मुठीचा छोटा चाकू ठेवला तो ठेवलाच. वडील तणतणले, तर म्हणाली, "प्रतिज्ञेत चाकूचं काही लिहिलेलं नाही." अमेरिकेला येताना तिनं तो माझ्या मोठ्या बॅगेत स्वेटरात गुंडाळून घातला. मी हसले होते, पण फेकला नव्हता.

आता मी काय केलं ते ऐका. एक दिवस शेजारीण म्हणाली की डोळा लागला की भयंकर स्वप्नं पडतात, दचकून उठते. मी घरी गेले, ड्रॉवरमधून आईचा चाकू काढला, आणि तिच्या उशाखाली नेऊन सरकवला. म्हटलं, आमच्याकडे असं करतात, याने वाईट स्वप्नं जवळ येत नाहीत. माझा विश्वास नाही हेही सांगितलं, म्हणजे माझं शिक्षणही शाबूत. तिनं तो बाहेर काढून अंगठ्यानं पातं चाचपलं. "धार आहे," म्हणाली. आणि माझ्याकडे बघून हसली, फोनवर हसायची तशी नाही, खरं. मला बरं वाटलं. नसती उठाठेव करणाऱ्या माणसाला असं बरं नेहमीच वाटतं.

दुसऱ्या दिवशी दारावर बेल नाही, थापा. आजी होती, चेहरा पांढराफटक. हातात निळ्या चौकटीच्या टॉवेलचं गाठोडं. तिनं ते आमच्या टेबलावर उघडलं. वर माझ्या आईचा चाकू. त्याच्याखाली त्यांचा सत्तूर, दोन लहान सुऱ्या, कात्री, आणि तिच्या जावयाची दाढीची पाती. तिनं भिंतीकडे, लेकीच्या खोलीच्या दिशेला बोट केलं. मग स्वतःची बाही वर सारून मनगटावरून बोट ओढलं. मग तेच बोट ओठांवर ठेवलं आणि मूर्तीकडे बघून हात जोडले. मूर्तीला जोडले की मला, कळलं नाही.

मी टॉवेलाची टोकं ओढून ते सगळं झाकलं. आजीला कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे. ती लेकीला एक क्षण एकटं सोडत नव्हती ते मी लाड समजत होते. आणि मी शहाणी तिच्या पोरीच्या उशाखाली चाकू ठेवून आले होते.

त्या दिवसापासून ते गाठोडं आमच्याकडे, फ्रिजवरच्या कपाटात. सकाळी स्वयंपाकाच्या वेळी आजी यायची, सत्तूर घेऊन जायची. मग भिंतीपलीकडे टकटक सुरू. आवाज थांबला की थोड्या वेळात बेल वाजायला हवी. आजी सत्तूर धुऊन, पुसून, टॉवेलात गुंडाळून परत आणायची. आवाज थांबणं आणि बेल वाजणं, यामधला वेळ मला खायला उठायचा. पोट्टी काहीतरी मागत असायची आणि मी भिंतीला कान लावून उभी. एकदा बेल वाजायला उशीर झाला तर मी अनवाणी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. आजी बाळाचा लंगोट बदलत होती, एवढंच.

नवऱ्याला सांगितलं. तो आधी घाबरला आणि मग चिडला. त्याची पद्धतच ती आहे. "यार, तू यात पडू नकोस. तिच्या नवऱ्याला सांग आणि सोडून दे. उगाच कुणी पोलिसांना फोन केला, ते बाळाला घेऊन गेले, तर? त्यांचं ग्रीन कार्डचं काम चालू आहे. आपलंही व्हायचंय." त्याचं चूक होतं असंही नाही. आमच्या ओळखीत प्रत्येकाकडे मूल काढून नेल्याची एक ऐकीव गोष्ट होती. मी तिच्या नवऱ्याला कॉरिडॉरमध्ये गाठलंच. तो बूट काढता काढता थांबला. म्हणाला, थकवा आहे, तिची आई जाताना बाळाला चीनला घेऊन जाईल, आमच्याकडे पुष्कळ जण तसं करतात, मग हिला झोप मिळेल. मग हळूच म्हणाला, "हे रेकॉर्डवर नको यायला." त्याचे डोळे लाल होते. मला त्याच्यावर रागावायचं होतं, ते काही जमलं नाही.

आजी परत जायची वेळ जवळ येत होती. बाळ चीनला गेलं, आजी गेली, नवरा ऑफिसात, मग या घरात ती एकटी. हा विचार आला की माझ्या हातून पोळी करपायची.

तेवढ्यात तिची पुन्हा डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट आली, छातीच्या दगडासाठी. तिच्या नवऱ्याला सुट्टी मिळेना, म्हणून ड्राइव्ह करायला मी. लायसन्स नवीन, रस्त्यावर बर्फ, मागे दोन कार सीट, आजी, आणि माझी पोट्टी गाणं म्हणतेय. मी स्टिअरिंग असं धरलं होतं की उतरल्यावर बोटं सरळ होईनात.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चांगल्या होत्या, घाईत होत्या. "सगळ्या टेस्ट ठीक आहेत," म्हणाल्या. झोप? कमी. डोकं? दुखतं. जेवण? ठीक. "आणि मूड कसा असतो? उदास वाटतं?"

"फाइन," शेजारीण म्हणाली.

आजी कोपऱ्यातल्या खुर्चीत बाळाला घेऊन बसली होती. आमचं बोलणं तिला कळत नव्हतं, पण 'फाइन' हा शब्द एव्हाना तिलाही कळायला लागला होता. तिनं एका हातानं पिशवी उघडली, त्यातून तो निळ्या चौकटीचा टॉवेल काढला, सकाळी आमच्या कपाटातून आणलेला, रिकामा, घडी केलेला, आणि माझ्या मांडीवर ठेवला. त्यावर दोनदा थोपटलं. तिच्याकडे शब्द नव्हते, माझ्याकडे होते. एवढंच ती सांगत होती.

मला पोलीस आठवले, ग्रीन कार्ड आठवलं, शेजारीण पुन्हा माझं तोंड बघणार नाही असं वाटलं. डॉक्टरीणबाई उठायच्या बेतात होत्या. आणि काकूंच्या घरासमोर जमलेली माणसं आठवली. मी खाली टॉवेलकडे बघत म्हटलं, "यांच्या घरातल्या सगळ्या सुऱ्या माझ्या घरी आहेत. हिच्या आईनं आणून ठेवल्यात. तिला भीती वाटते."

डॉक्टरीणबाई पुन्हा खाली बसल्या.

शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती टॉवेलकडे बघत होती, तिच्याच स्वयंपाकघरातला होता तो. अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मी शोधत होते. सकाळी सत्तूरचा आवाज यायचा. दुपारी आईचा डोळा लागला की मी उठून शोधायचे, तर कुठेच सापडायचा नाही. मला वाटलं, माझं डोकंच चालेनासं झालं."

मला हुंदका आवरेना. मी रडले, पोट्टी मला बघून रडली, तिला बघून बाळ रडलं. ज्या दोघींनी रडायला हवं होतं त्या दोघी मात्र एकमेकींकडे बघत बसल्या होत्या. आजीला एक शब्द कळला नव्हता, पण लेक बोलली एवढं कळलं होतं.

त्या दिवशी तिला घरी पाठवलं नाही. तिथूनच हॉस्पिटलमध्ये नेलं. बाळ कुणी काढून नेलं नाही, पोलीस आले नाहीत. एक बाई फोनवरून चिनीत बोलायला होत्या, त्या आजीशी कितीतरी वेळ बोलल्या, आणि इतके महिने गप्प बसलेली आजी फोन दोन्ही हातांनी धरून बोलतच राहिली. शेजारणीचा नवरा संध्याकाळी धावत आला. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "आधी मला विचारायचं होतं." पुढे कित्येक दिवस तो माझ्याशी बोलला नाही, आणि मीही कॉरिडॉरमध्ये त्याची चाहूल लागली की दार लावून घ्यायचे. बर्फ वितळायला लागल्यावर एका सकाळी आमच्या दाराबाहेर, चिनी लोक शुभ म्हणून देतात तशी, संत्र्यांची पिशवी ठेवलेली दिसली. कुणी ठेवली ते विचारायची गरज नव्हती.

शेजारीण घरी आली ती गोळ्या घेऊन. त्यांना ती नसांच्या गोळ्या म्हणायची, आणि डॉक्टरीणबाईंनीही तिला कधी टोकलं नाही. दर आठवड्याला एका बाईंशी बोलायला जायची. बरेच दिवस काहीच फरक दिसेना, मग एक दिवस तिनं खिडकीचा पडदा उघडला. बाळाला चीनला नेण्याची गोष्ट निघाली तेव्हा ती "नाही" म्हणाली. आजीनं खुणेनं मला ते सांगितलं, बाळाला छातीशी धरण्याची खूण करून, आणि तोंडावर हात ठेवून रडली.

आजीनं मुक्काम वाढवून घेतला, पण शेवटी तिलाही जावं लागलंच. जाताना ती आमच्याकडे आली, फ्रिजवरच्या कपाटाकडे बोट केलं आणि मान हलवली. अजून नाही. गाठोडं इथेच राहू दे. मग माझ्या हातावर हात ठेवून गेली. मला तर वाटलं, म्हातारीनं माझ्या गळ्यात धोंडाच बांधला.

पुढे शेजारीण स्वयंपाक कात्रीनं आणि चिरून मिळणाऱ्या भाज्यांनी भागवायची. ती कात्री गोल टोकाची, शाळेतल्या मुलांची. गाठोड्याचं नाव ना तिनं काढलं ना मी. मग उन्हाळ्यात, भर दुपारी, ती दारात आली. बाळ कडेवर. "माझा सत्तूर दे," म्हणाली. "डंपलिंग करायचेत."

"मी चिरून देते की. काय चिरायचंय?"

"तू कोबी चिरतेस की लाकडं फोडतेस," ती म्हणाली.

मला हसू आलं, पण मी दारातून बाजूला झाले नाही. तिला विचारायचं होतं, गोळ्या घेतेस ना? आज झोपलीस का? खरं सांग. पण कडेवर मूल घेतलेल्या बाईला स्वतःच्या सुरीसाठी दारात उभं ठेवायचं? मी स्टुलावर चढले आणि सत्तूर काढून दिला. "बाळ राहू दे माझ्याकडे," म्हटलं. तिला कळलं. तिनं बाळ माझ्या हातात दिलं.

भिंतीपलीकडे टकटक सुरू झाली. आजीचा हात जलद होता, हिचा सावकाश. मी बाळाला मांडीवर घेऊन ओट्याशी बसले. वाट्या थरथरत होत्या तोवर ठीक होतं. मग आवाज थांबला. मी म्हटलं, आता पीठ मळत असेल. मग म्हटलं, सारण भरत असेल. पोट्टी म्हणाली, "आई, व्हाय आर यू नॉट टॉकिंग?" मी बाळाला घेऊन उठले. दाराच्या कडीला हात घातला, आणि बेल वाजली.

शेजारीण उभी होती. एका हातात डंपलिंगचं ताट, दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेला सत्तूर, धुऊन, पुसून.

"आज तुझ्याकडेच ठेव," ती म्हणाली.

"का गं? कशी आहेस?" मी विचारलं, आणि 'फाइन' ऐकायची तयारी केली.

"आज बरं नाही," ती म्हणाली. "उद्या मला डॉक्टरांकडे नेशील?"

"नेते," मी म्हटलं. ताट टेबलावर ठेवलं, सत्तूर कपाटात ठेवला, आणि आम्ही गरम होते तोवर खायला बसलो.